लिमिटर फक्त डिझेल बंद करतो

मी जबलपूरहून बोलतोय. जबलपूर म्हटलं की मराठी माणसाला भेडाघाटचे संगमरवरी कडे आठवतात, धुवांधार आठवतो, नर्मदा परिक्रमा आठवते. इतिहासाची आवड असलेल्यांना हेही ठाऊक असतं की १७९८ पासून १८१७ पर्यंत इथं नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. आज मात्र यातल्या कशावरच बोलायचं नाही. आज बोलायचंय डिझेल पिकअपच्या इंजिनाबद्दल. ते किती फिरवावं, कुठं थांबावं, आणि गिअर कधी बदलावा.

हा विषय जबलपूरला शोभतो. कारण हे ट्रकचं गाव आहे. सैन्याचा शक्तिमान ट्रक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो १९५९ पासून इथं, आधी गन कॅरेज फॅक्टरीत, बनायला लागला. पुढं १९६९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र वाहन निर्माणी उभी राहिली आणि १९९६ पर्यंत शक्तिमान बनत राहिला. त्याचा आराखडा जर्मनीच्या मान कंपनीचा. आणि ही मान कंपनी म्हणजे तीच, जिच्या आउग्सबुर्गच्या कारखान्यात रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये आपलं पहिलं यशस्वी इंजिन चालवून दाखवलं. म्हणजे डिझेल इंजिनाच्या मूळ घराण्याशी आमच्या गावाचं असं नातं आहे.

त्या पहिल्या इंजिनाच्या मिनिटाला साधारण दीडशे फेऱ्या व्हायच्या. आज तुमच्या दारातली पिकअप तीन हजारांच्या वर जाते. सव्वाशे वर्षांत वेग वीसपट झाला. पण डिझेलचा स्वभाव फारसा बदललेला नाही. तो समजून घेतला की गिअरचा निम्मा गोंधळ मिटतो.

याच वाहन निर्माणीत शक्तिमानबरोबर निसानच्या गाड्याही बनत होत्या, जोंगा आणि वन-टन. त्यांना जवळपास चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं. एकाच आवारात दोन स्वभावांची इंजिनं. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन आधीच मिसळलेलं असतं, ठिणगी पडली की ते भडकतं. डिझेलच्या इंजिनात आधी नुसती हवा दाबली जाते. ती तापते, मग शेवटच्या क्षणी त्यात डिझेलची फवारणी होते. फवारा हवेत मिसळायचा, तापायचा, पेटायचा, जळायचा, हे सगळं त्या एका क्षणात. तीन हजार फेऱ्यांवर एक फेरी मिनिटाच्या तीन हजाराव्या भागात, म्हणजे २० मिलिसेकंदांत संपते. जळण्यासाठी त्यातला जेमतेम दहावा भाग हाताशी असतो. वेग आणखी वाढवला तर डिझेलला जळायला वेळच उरत नाही. धूर वाढतो, उष्णता वाढते, ताकद काही वाढत नाही.

दुसरं कारण वजनाचं. डिझेलमध्ये दाब फार मोठा, म्हणून पिस्टन, रॉड, क्रँक सगळंच दणकट आणि जड. महिंद्राच्या अडीच लिटरच्या, २५२३ सीसीच्या इंजिनाचं उदाहरण घ्या. त्याचा पिस्टन दर खेपेला सुमारे १० सेंटिमीटर वर जातो आणि तितकाच खाली येतो. ३२०० फेऱ्यांवर तो सेकंदाला शंभराहून जास्त वेळा पूर्ण थांबतो आणि उलट दिशेला पळतो. त्याला थांबवायचं आणि पळवायचं काम कनेक्टिंग रॉड करतो. हा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग सव्वापट झाला तर ताण दीडपटीच्याही थोडा वर जातो. वेग दुप्पट झाला तर ताण चौपट. म्हणून काट्यावरची लाल पट्टी ही कंपनीनं उगाच घाबरवायला रंगवलेली नसते.

आता ताकद कुठं मिळते ते पाहू. बोलेरो पिकअपच्या बीएस-६ इंजिनाची जाहीर माहिती साधारण अशी आहे: कमाल टॉर्क, म्हणजे पीळ, २०० न्यूटन-मीटर, १४०० ते २२०० फेऱ्यांच्या दरम्यान. कमाल शक्ती ७५ अश्वशक्ती, ३२०० फेऱ्यांवर. मॉडेलप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतात. पण यातून हिशेब काय निघतो? २२०० फेऱ्यांवर हे इंजिन जवळपास ४६ किलोवॉट देतं. ३२०० वर देतं ५६. फेऱ्या ४५ टक्क्यांनी वाढल्या, शक्ती वाढली २१ टक्क्यांनी. आणि ३२०० च्या पुढं शक्ती घटतच जाते. म्हणजे त्या पट्टीच्या पुढं इंजिन ओरडतं जास्त आणि ओढतं कमी. पेट्रोल कार चालवणारा माणूस पिकअपवर बसला की हमखास इथंच फसतो. त्याला वाटतं, आवाज वाढला म्हणजे जोर वाढला.

बरं, मग कुणी म्हणेल, काळजी कशाला? गाडीत लिमिटर आहेच की. जास्त फिरवलं तर इंजिन आपोआप आवरतं.

आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. जुन्या गाड्यांत डिझेल पंपावर गव्हर्नर असायचा, वजनं आणि स्प्रिंगांवर चालणारा. आता ते काम ईसीयू करतो. दोघांची पद्धत एकच: फेऱ्या ठरावीक आकड्यावर गेल्या की डिझेल बंद. याच्यापलीकडं त्यांच्या हातात काही नाही. तुम्ही गाडी उभी करून पाय दाबून धरलात, किंवा चढावर गिअर वर टाकायला विसरलात, तर लिमिटर तुम्हाला वाचवतो. कारण तिथं इंजिनाला डिझेल फिरवतंय. पण जेव्हा इंजिनाला चाकं फिरवत असतात, तेव्हा डिझेल बंद करून काय होणार? ते आधीच बंद असतं. उतारावर तीन टनांची गाडी मागून रेटतेय, क्लच सुटलेला आहे, गिअर लागलेला आहे. चाकं, गिअरबॉक्स आणि क्रँक ही लोखंडाची एक साखळी आहे. चाकं जितकं म्हणतील तितकं इंजिनाला फिरावंच लागतं. तिथं मर्यादा घालणारा एकच असतो, गिअरच्या दांड्यावरचा हात.

आणखी एक गैरसमज. २०१५ च्या नियमानुसार नव्या मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा बसवलेली येते. बरेच चालक त्यालाच इंजिनाचा लिमिटर समजतात. तो रस्त्यावरच्या वेगाचा बंदोबस्त आहे, इंजिनाच्या फेऱ्यांचा नाही. दुसऱ्या गिअरमध्ये ६० च्या वेगानं उतरताना तो काहीही बोलणार नाही, कारण ६० हे ८० च्या आतच आहे.

आता वही-पेन घ्या. गोल आकडे धरून एक गाडी मांडू. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.५, दुसऱ्याचं २.५, चौथ्याचं १, टॉपचं ०.८. मागच्या ॲक्सलचं ४.३. टायर एका फेरीत सव्वादोन मीटरच्या थोडं कमी, २.१५ मीटर चालतो. अशा गाडीत तिसऱ्या गिअरला ३००० फेऱ्यांवर वेग येतो ताशी ६० किलोमीटर. आता उतारावर या वेगात चालकाला वाटलं, गाडी आवरत नाही, खालचा गिअर टाकू. त्यानं दुसरा टाकला आणि क्लच सोडला. चाकांचा वेग तोच राहिला. इंजिनाच्या फेऱ्या किती झाल्या? ३००० गुणिले २.५ भागिले १.५. पाच हजार. ज्या इंजिनाची मर्यादा चार हजारांच्या आसपास आहे ते एका क्षणात पाच हजारांवर गेलं. रॉडवरचा ताण दीडपटीच्या वर गेला.

पुढं काय होतं? व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांना इतक्या वेगानं व्हॉल्व्ह बंद करता येत नाहीत, ते हवेत तरंगल्यासारखे उघडेच राहतात. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की हेडपर्यंत जागा अगदी थोडी उरते, दाब जास्त हवा म्हणून. उघड्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळतो. व्हॉल्व्ह वाकतो, पुशरॉड वाकतो, कधी रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो. गॅरेजवाला म्हणतो, इंजिनाचं काम निघालं. मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण हप्ता चालूच असतो.

असं होण्याआधी गाडी एक इशारा देते. तो ऐकायला शिका. वेग जास्त असताना खालचा गिअर टाकायला गेलात की दांडा अडतो. आत जायला तयार नसतो. आपल्याकडं लगेच म्हणतात, गिअरबॉक्स कडक झालाय, जोर लावा. पण तो सिंक्रोनायझर असतो, पितळी रिंग, दोन वेगवेगळ्या वेगांना एकसारखं करू पाहणारी. फरक जितका मोठा तितका दांडा जड. दांडा अडला याचा अर्थ, वेग अजून या गिअरच्या लायकीचा नाही. हात मागे घ्या, ब्रेकनं वेग कमी करा, मग टाका. तेव्हा तो लोण्यासारखा जाईल.

मंडळी, जास्त फेऱ्यांची भीती सगळ्यांना असते. पण आपल्याकडच्या पिकअपची खरी दुखणी मला उलट्या बाजूनं येताना दिसतात. कमी फेऱ्यांत ओढायच्या सवयीनं.

जबलपूर जिल्ह्यात मटार फार पिकतो. मध्य प्रदेश सरकारच्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत जबलपूरच्या नावापुढं मटारच आहे. हिवाळ्यात पाटण आणि शहापुरा भागातून भरलेल्या पिकअप निघतात. हिरवा मटार पोत्यात तापतो, दाणा पिवळा पडतो, भाव उतरतो. त्यामुळं घाई. त्यात डिझेलचा खर्च डोक्यावर. मग चालकाचा मंत्र ठरलेला: लवकर टॉपला टाक आणि टॉपलाच राहू दे. फेऱ्या कमी म्हणजे डिझेल कमी.

सपाट रस्त्यावर हे बऱ्याच अंशी खरं आहे. चढावर नाही. मघाचीच गाडी घ्या. भरलेली, चढावर, ताशी ४० चा वेग. टॉपमध्ये फेऱ्या भरतात १०७० च्या आसपास. चौथ्यात १३३०. तिसऱ्यात २०००. टॉर्कची पट्टी सुरू होते १४०० ला. म्हणजे टॉप आणि चौथा दोन्ही पट्टीच्या खाली. तिथं टर्बोला फिरायला पुरेसा धूर मिळत नाही, म्हणून तो पुरेशी हवा देत नाही. चालक पाय मात्र तळाशी दाबून बसलेला. मग डिझेल भरपूर, हवा अपुरी. न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन मागं जातं. जे वाचवायला निघालो होतो तेच धुराड्यातून बाहेर पडतंय.

आणि आत काय चाललंय? कमी फेऱ्यांत प्रत्येक धमाका पिस्टनवर जास्त वेळ आणि जोरात बसतो. क्रँकच्या बेअरिंगमध्ये तेलाचा जो पातळ पडदा असतो, तो वेगानं फिरण्यामुळंच टिकतो. वेग कमी आणि भार जास्त झाला की तो पडदा विरतो आणि धातूला धातू घासायला लागतो. इंजिन थरथरतं, केबिन गुरगुरते, क्लचच्या स्प्रिंगा आणि गिअरबॉक्स मार खातात. पाणी तापतं. हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही. ते वर्ष-दीड वर्षानं बेअरिंगच्या आवाजात नाहीतर हेड गॅस्केटमध्ये दिसतं, आणि तोवर कुणाला आठवत नाही की हे चढावरच्या टॉप गिअरचं बिल आहे. ज्या बीएस-६ गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे, त्यांच्यात तो फिल्टर लवकर भरतो आणि डॅशवरचा दिवा लागतो. तो दिवा लागला की पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणं गाडी सलग, बऱ्या फेऱ्यांवर चालवावी लागते. दिव्याकडं दुर्लक्ष केलं तर इंजिन स्वतःच ताकद कमी करून घेतं.

मग गिअर कधी बदलायचा? नियम सोपा आहे. वरचा गिअर टाकल्यावर काटा टॉर्कच्या पट्टीत पडला पाहिजे. आपल्या गाडीत तिसऱ्यातून चौथ्यात जाताना फेऱ्या दीड पटीनं कमी होतात. २२०० ला बदललं तर १४६० च्या आसपास पडतील, पट्टीच्या कडेवर. सपाटीला चालेल. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना उतरण मोठी, २२०० ला बदललं तर १३२० वर पडतील, म्हणजे पट्टीच्या खाली. तिथं २४००-२५०० पर्यंत थांबायला हवं. आणि भरलेल्या चढावर आणखी थोडं, कारण क्लच दाबल्यापासून सोडेपर्यंत गाडीचा वेग घटतो. २७००-२८०० ला बदला. इंजिन ओरडतंय म्हणून घाबरू नका, अजून लाल पट्टी लांब आहे. खाली येताना उलटं: चढावर काटा १५०० कडं घसरू लागला की वाट बघू नका, लगेच खालचा गिअर. इंजिन दम टाकेपर्यंत थांबलात तर वेग इतका पडतो की एकाऐवजी दोन गिअर खाली यावं लागतं.

काही नव्या गाड्यांत डॅशवर वरचा गिअर सुचवणारा बाण येतो. तो सल्ला म्हणून घ्या. मागं किती पोती आहेत आणि पुढं वळणानंतर चढ आहे की उतार, हे त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं.

आता उतार. हा भाग नीट ऐका, कारण इथं इंजिनाबरोबर माणसंही पणाला लागतात.

जबलपूरहून नागपूरला जाताना सिवनीच्या पुढं कुरईचा घाट लागतो. तुमच्याकडं कसारा आहे, बोर घाट आहे, आंबोली आहे, गोव्याकडं उतरायला चोर्ला आहे. घाट कुठलाही असो, उतार लागला की दांडा न्यूट्रलला टाकणारे चालक सगळीकडं भेटतात. काही तर चावीही बंद करतात. ‘डिझेल वाचतं.’

हिशेब पाहू. गिअरमध्ये गाडी उतरतेय, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला आहे, फेऱ्या दीड-दोन हजार आहेत. यावेळी इंजिन किती डिझेल घेतं? शून्य. ईसीयू फवारणी पूर्ण बंद करतो. जुन्या गव्हर्नरच्या पंपातही हेच व्हायचं. इंजिनाला चाकं फिरवत असतात, मग डिझेल कशाला हवं? आणि न्यूट्रलमध्ये? तिथं इंजिनाला स्वतःच्या पायावर आयडलला चालायचंय, म्हणून त्याला थोडं का होईना डिझेल लागतंच. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरणारा जास्त डिझेल जाळतो. ही गोष्ट या एका तासातून घरी घेऊन गेलात तरी पुरे.

चावी बंद केली तर डिझेल वाचेल, खरं आहे. पण ब्रेकच्या बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी इंजिनावरच्या पंपातून येते. इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा दाबण्यापुरता साठा उरतो, मग ब्रेकचं पॅडल दगड होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं. चावी बाहेर निघाली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

आणि ब्रेकवर किती भार येतो ते बघा. तीन टनांची गाडी २०० मीटर उंचीवरून खाली आणायची, म्हणजे जवळपास ५९ लाख जूल ऊर्जा कुठंतरी मुरवायची. इतक्या उष्णतेत साधारण साडेसतरा लिटर थंड पाणी उकळायला लागेल. न्यूट्रलमध्ये उतरलात तर ही जवळजवळ सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये जाते. लायनर तापतात, पकड सोडतात, ब्रेक ऑइल उकळलं तर पॅडल थेट जमिनीला टेकतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडं येणारा उतार याच कारणासाठी कुप्रसिद्ध झालाय. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथं एका ट्रकनं कितीतरी गाड्यांना धडक दिली, तेव्हा उतारावर ट्रक गिअरमध्ये नव्हता असंच प्राथमिक तपासात पुढं आलं होतं.

म्हणून जुन्या चालकांचा नियम: ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरा. आजची इंजिनं जास्त ताकदीची आहेत, तिसऱ्यात जिथं चढते तिथं उतरताना कधी दुसरा लागतो. शिवाय डिझेल इंजिनाचा स्वतःचा ब्रेक पेट्रोलपेक्षा सौम्य असतो. मोठ्या ट्रकना त्यासाठी एक्झॉस्ट ब्रेक देतात, आपल्या पिकअपना तो सहसा नसतो. तेव्हा गिअर उतार सुरू व्हायच्या आधीच, माथ्यावर, वेग कमी असताना निवडा. काटा तीन हजारांच्या आत राहिला पाहिजे. वर चढायला लागला तर ब्रेक दाबा, जोरानं आणि थोडा वेळ. वेग दहा-पंधरानं उतरू द्या, मग सोडा. पाय ब्रेकवर नुसता ठेवून घाट उतरू नका, तो लायनर भाजण्याचा सगळ्यात सोपा मार्ग. आणि त्या गिअरला वेग आवरत नसेल तर आधी ब्रेकनं वेग पाडा, मग खालचा गिअर. क्रम उलटा झाला की मघाचे पाच हजार समोर येतात.

इंजिन हाताबाहेर जाण्याचा एक वेगळा प्रकारही सांगून ठेवतो. जुन्या, झिजलेल्या इंजिनात टर्बोचं सील गेलं तर इंजिनाचं स्वतःचं तेल हवेच्या वाटेनं आत जातं आणि डिझेलऐवजी तेच जळायला लागतं. फेऱ्या आपोआप चढत जातात, पांढरा-निळा धूर लोटतो, आणि चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही. लिमिटर इथंही हतबल, कारण बंद करायला डिझेल नाहीच. अशा वेळी टॉप गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडून इंजिन गुदमरवून बंद पाडा. तेवढ्यात जमलं नाही तर उतरून लांब व्हा, बॉनेट उघडून वाकून बघू नका.

छोटी गोष्ट टर्बोची. तो मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारू शकतो आणि त्याचं बेअरिंग इंजिनाच्या तेलावर जगतं. भरलेला चढ चढून ढाब्यावर थांबलात की लगेच चावी फिरवू नका. मिनिटभर, दोन मिनिटं आयडलला राहू द्या. सकाळी थंड इंजिन सुरू केल्या केल्या रेसही देऊ नका, तेल वरपर्यंत पोचू द्या.

आता शेवटचं बोलणं मालकांशी. चालकाला आपण काय विचारतो? ॲव्हरेज किती दिलं. इतकंच. डिझेलचा हिशेब रोज होतो, कमी पडलं तर त्याच्या पगारातून कापलं जातं. इंजिनाचा हिशेब वर्षानं होतो आणि तो कुणाच्याच नावावर लागत नाही. मग चालक काय करेल? जे मोजलं जातं तेच वाचवेल. तो टॉपमध्ये ओढेल, न्यूट्रलमध्ये उतरेल. त्याची चूक आहेच, पण ती सवय आपल्या वहीनं लावलेली आहे. आणि पावणेदोन टनांच्या पासिंगवर अडीच टन भरून पाठवायचं आणि वर ॲव्हरेज मागायचं, हे तर त्याच्यावर अन्यायाचंच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जास्तीच्या भाराला वीस हजारांचा दंड आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार आहेत. पण दंड चुकवला तरी घाट तो भार मोजतोच.

तेव्हा एक काम करा, मालक आणि चालक मिळून. गाडीची पुस्तिका काढा, त्यात टॉर्कची पट्टी आणि लाल पट्टी किती ते बघा. मघासारखा हिशेब करून प्रत्येक गिअरचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त वेग काढा. आपल्या उदाहरणातल्या गाडीसाठी तो असा येईल: दुसरा, १७ ते ३६. तिसरा, २८ ते ६०. चौथा, ४२ पासून. टॉप, ५३ पासून. हे आकडे तुमच्या गाडीचे नाहीत, तुमचे तुम्ही काढायचे. एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून डॅशवर चिकटवा. ज्या गाडीला आरपीएमचा काटाच नाही, आणि अशा पिकअप अजून पुष्कळ धावतात, तिच्यात ही चिठ्ठीच काट्याचं काम करेल. महिनाभरात चिठ्ठीची गरज उरणार नाही, कानालाच कळायला लागेल.

आणि पुढच्या खेपेला घाटाच्या माथ्यावर पोचलात की दांडा न्यूट्रलकडं नेण्याआधी आठवा, खाली उतरताना गिअरमधलं डिझेल शून्य आहे. सांभाळून चालवा.